तिसऱ्या रांगेतल्या बाई

बुटाची नाडी बांधता बांधता ग्रंथपालांना पुन्हा ते पत्र आठवलं, आणि बांधलेली गाठ त्यांनी सोडून टाकली.

"आता काय झालं?" बहिणीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही. गर्दी फार असेल म्हटलं."

"कुस्ती बघायला चाललायस दादा, मौन पाळायला नाही. माझा गुडघा धड असता तर मीच गेले असते. ऊठ."

पत्र येऊन वर्ष उलटून गेलं होतं. निळी शाई, मोत्यांसारखं अक्षर, आणि खाली सही : 'आपला नम्र, गिधाड.' त्या सहीवर बहीण पोट धरधरून हसली होती. "गिधाडाचं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे हो," असंही म्हणाली होती, आणि ते खरं होतं.

त्या पत्राला कारण होती ग्रंथपालांची एक पुस्तिका. वाचनालयात नोकरीला असताना त्यांच्या लक्षात आलं होतं, की सगळ्यात जास्त फाटतात ती कुस्तीची रंगीत मासिकं. मातीतल्या कुस्तीची नव्हेत. दोरखंडांच्या रिंगणातली, चकचकीत कपड्यांतली, कोण जिंकणार हे जिच्यात आधीच ठरलेलं असतं अशी कुस्ती. ती मासिकं वाचणारे एकमेकांना नावं ठेवत. ग्रंथपाल खिडकीपाशी बसून ती नावं टिपत राहिले आणि निवृत्त झाल्यावर त्यांचे अर्थ लिहून एक बारकीशी पुस्तिका छापली. भोळे : ज्यांना सगळं खरं वाटतं. शहाणे : ज्यांना आतलं सगळं ठाऊक असतं आणि जे गप्प बसतात. दीडशहाणे : ज्यांना थोडंफार ठाऊक असतं, आणि ते शेजाऱ्यालाही कळावं असं वाटतं.

गिधाड हा त्याच खेळातला खलनायक. त्यानं लिहिलं होतं, 'आपली पुस्तिका वाचली. आमच्या हॉलमध्ये दर रविवारी तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला एक बाई बसतात. त्या या तिघांपैकी कशात बसतात हे मला ठरवता येत नाही. आपण जाणकार आहात. एकदा येऊन पाहावं आणि कळवावं.'

'जाणकार' या शब्दावर ग्रंथपालांचं घोडं अडलं होतं. त्या हॉलमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पाण्यात पाय न बुडवता त्यांनी पोहण्यावर पुस्तक लिहिलं होतं, आणि आता मासाच विचारत होता, पाणी कसं आहे. त्यांनी उत्तरं लिहायला घेतली, फाडली, पुन्हा घेतली. आणि काल वाण्याच्या दुकानाबाहेर जाहिरात दिसली : हंगामातला अखेरचा खेळ.

त्यांनी नाडी पुन्हा बांधली.

हॉल म्हणजे एके काळचं गोदाम होतं. आत लाकडाचा, घामाचा आणि दुखण्यावर चोळायच्या मलमाचा वास कोंडला होता. मधोमध उजेडात रिंगण, आणि सभोवार काळोखात माणसंच माणसं. तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर करड्या केसांच्या, किरकोळ अंगाच्या एक बाई बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर त्यांची छत्री होती.

"इथं कुणी..." ग्रंथपाल पुटपुटले.

"बसा भाऊ. छत्रीला काय, ती माझ्या मांडीवर बसेल." बाईंनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पहिल्यांदाच?"

"हो."

"मग चष्मा सांभाळा. घाम उडतो."

त्या साध्या दिसत होत्या, घरच्या कुणाला दवाखान्यात घेऊन आल्यासारख्या. चपला काढून पाय खुर्चीखाली घेतलेले. ग्रंथपालांनी मनातल्या मनात त्यांना भोळ्यांच्या रकान्यात बसवून टाकलं आणि निःश्वास सोडला. एवढंच कळवायचं होतं तर वर्ष कशाला लागलं?

"तो समोर करड्या कोटातला दिसतो?" बाई हळूच म्हणाल्या. "मालक. दौऱ्यावर कुणाला न्यायचं ते आज ठरवणार."

"जे चांगलं खेळतील त्यांना नेत असतील."

"गिधाड चांगलंच खेळतो. तीच तर अडचण झालीय. लोकं टाळ्या वाजवायला लागली त्याला." त्यांनी मागच्या रांगेकडे मानेनंच खूण केली. "असले असतात ना, पंडित. खलनायकाला टाळ्या पडल्यावर नायकानं काय करायचं, घरी जाऊन झोपायचं? मालकानं बजावलंय त्याला. आज शिव्या पडल्या नाहीत तर दौऱ्याला येऊ नकोस."

"शिव्या पडल्या नाहीत तर?"

"मग! त्याची मजुरीच ती."

ग्रंथपालांनी घाईघाईनं बाईंना शहाण्यांच्या रकान्यात हलवलं. त्यांना सगळं आतलं ठाऊक होतं. तेवढ्यात घंटा वाजली.

नायकाचं नाव वादळ. देखणा, उंच, पांढऱ्या कपड्यांतला. तो दोरखंडावरून आत उडी मारून आला तेव्हा आख्खा हॉल उठून उभा राहिला. मागून गिधाड आला, काळ्या अंगरख्यात, खांदे पाडून, कुणाकडे न बघता. दोघं भिडले आणि ग्रंथपालांच्या पायाखालची जमीन हादरली. हे कुठल्याही मासिकात छापलेलं नव्हतं. माणसाचं सबंध वजन फळ्यांवर पडतं तेव्हा तो आवाज कानाला नाही, छातीला ऐकू येतो. त्यांनी खुर्चीची कड धरली.

"बघ, आता डावा पाय ओढेल," मागच्या रांगेतला एक चष्मेवाला मित्राला सांगत होता. "ओढला! काय मार विकतो राव!"

मार विकणं म्हणजे न लागलेला मार लागल्यासारखा दाखवणं. पुस्तिकेत हा शब्द होता. ग्रंथपालांना तो लिहिताना फार अभिमान वाटला होता.

गिधाडानं वादळला डोक्यावर उचललं, क्षणभर दिव्याखाली तोलून धरलं आणि खाली आदळलं. हॉलचा श्वास अडकला. तिसऱ्या रांगेतून मात्र आणखी एक गोष्ट दिसली. खाली येता येता गिधाडाचा एक हात निसटला आणि वादळच्या मानेखाली गेला. झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवताना जातो तसा. फळ्यांवर आधी तो हात आपटला, मग त्या हातावर मान. ग्रंथपालांच्या अंगावर काटा आला. एवढ्या आरडाओरड्यात, एवढ्या वजनाखाली, कुणाला दिसू नये म्हणून केलेली एवढी माया त्यांनी कधी पाहिली नव्हती.

त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनीही तो हात पाहिला होता, कारण त्यांची नजर तिथंच होती. आणि तरीही त्यांचे ओठ थरथरत होते आणि डोळे भरून आले होते.

रिंगणात वादळ उठला. समोरासमोर, बरोबरीनं लढू लागला. गिधाड मागे मागे सरत दोरखंडाला टेकला. मग त्यानं पंचाची पाठ वळायची वाट पाहिली, कमरेच्या पट्ट्यातून पांढरी पूड काढली आणि वादळच्या डोळ्यांत फेकली.

"वा! काय वेळ साधली!" चष्मेवाला उभा राहून टाळ्या वाजवू लागला. त्याचा मित्रही. त्यांच्या मागची रांग, मग पलीकडची. आंधळा झालेला वादळ हवेत हात मारत होता आणि हॉल गिधाडाचं कौतुक करत होता. गिधाड दोन्ही हात पसरून रिंगणाच्या कडेला उभा होता. त्यानं शिव्यांसाठी तोंड वर केलं होतं, आणि वर पडत होत्या टाळ्या. मालकानं जांभई दिली.

बाई उठल्या.

"अरे मेल्या! समोरून लढ की!" त्या अनवाणीच मधल्या वाटेत आल्या. "आंधळ्याला मारतोस? तुला जन्म देणारीनं काय पाप केलं होतं रे!"

त्यांच्या हातातली चप्पल भिरभिरत गेली आणि गिधाडाच्या खांद्यावर बसली. मागून हशा पिकला.

"काकू, खोटं असतं ते!" चष्मेवाला ओरडला. "बसा खाली! बघ रे, भोळी म्हणतात ती ही."

बाईंचा आवाज फाटला होता. त्या पुन्हा ओरडल्या, पण टाळ्यांखाली ते बुडून गेलं. आख्ख्या हॉलमध्ये त्या एकट्याच रागावलेल्या होत्या.

ग्रंथपालांनी सबंध नोकरी ओठांवर बोट ठेवून काढली होती. घरात बशी फुटली तरी ते 'अरेरे' असं कुजबुजायचे. म्हणून तो आवाज आला तेव्हा कुणाचा म्हणून तेच इकडेतिकडे बघू लागले.

"लाज वाटत नाही का!"

ते उभे होते. त्यांचीच मूठ वर होती. समोर एक माणूस डोळे चोळत चाचपडत होता, आणि तो हात, ती माया, ती ठरवाठरवी सगळं ठाऊक असूनही ते संतापले होते.

"नालायका! लाज वाटत नाही का तुला!"

चष्मेवाल्याच्या टाळ्या थांबल्या. पलीकडच्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ गोंधळून उठला आणि म्हाताऱ्याला साथ द्यावी म्हणून "हो, लबाड आहे साला!" असं म्हणाला. मग कुणी शिट्टी मारली, कुणी खुर्ची आपटली. कोरड्या गवताला ठिणगी लागावी तसं झालं. बघता बघता हॉलचं छप्पर थरथरू लागलं. मालक वळून गर्दीकडे बघत राहिला.

गिधाडानं ऐकवत नसल्यासारखे दोन्ही हात कानांवर दाबले. फक्त जवळून दिसलं असतं, की त्याचे डोळे मिटले आहेत. तहानलेल्या माणसाचे पाणी पिताना मिटतात तसे.

शेवटी वादळ जिंकला. लोक हसत, घसे खाकरत बाहेर पडले. गर्दी ओसरल्यावर ग्रंथपालांना दिसलं, बाईंची छत्री खुर्चीवरच राहिली आहे. ती घेऊन ते विचारत विचारत मागच्या बोळकांडीत गेले. तिथं घडीच्या खुर्च्यांची थप्पी होती. पलीकडून आवाज आला तसे ते लाजून थप्पीआडच थबकले.

बाई बाकावर बसल्या होत्या. समोर गुडघे टेकून साध्या सदऱ्यातला एक दणकट माणूस त्यांच्या पायात चप्पल सरकवत होता.

"नेतायत, आई," तो म्हणाला. "आख्ख्या दौऱ्याला."

बाई पुढे वाकल्या. त्यांनी त्याच्या मानेवर बोटं दाबून पाहिली.

"इथं?"

"नाही."

"इथं?"

"थोडं."

बोटं थोडा वेळ तिथंच चोळत राहिली. मग वर सरकली आणि त्यांनी त्याचा कान धरला.

"त्याच्या डोळ्यांत पूड का टाकलीस?"

"आई..."

"समोरून लढत होता तो. सरळ लढत होता. का टाकलीस?"

बोळकांडीत बघायला कुणी नव्हतं. घंटा कधीच वाजून गेली होती, मालकही निघून गेला होता. ग्रंथपालांना वाटलं, आता तो हसेल. आता दोघंही हसतील.

गिधाड हसला नाही. एवढ्या मोठ्या अंगाचा तो माणूस मान खाली घालून बसला.

"चुकलं, आई."

"पुन्हा टाकशील?"

त्यानं चपलेचा अंगठा सरळ केला. "पुढच्या गावात टाकावी लागेल."

बाईंनी कान सोडला. पदरानं डोळे पुसले.

"मग मला पुढच्या गावाला यायला हवं," त्या म्हणाल्या.

ग्रंथपालांनी छत्री आवाज न करता खुर्चीला अडकवली आणि ते आल्या पावली परतले. रस्त्यात ते दोनदा वाट चुकले. सगळा जन्म त्याच गावात गेला असूनही.

"कसं झालं?" बहिणीनं दार उघडत विचारलं.

ग्रंथपालांनी तोंड उघडलं, पण नुसती घरघर बाहेर आली.

"अगंबाई! आवाजाला काय झालं?"

"ओरडलो."

"तू? कुणावर?"

"गिधाडावर."

बहीण आधी हसली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून पाणी गरम करायला आत गेली. "म्हणजे तू कशात रे?" तिनं आतून विचारलं. "भोळ्यांत का दीडशहाण्यांत?"

त्यांनी कोरा कागद घेतला. टेबलाशी बसून पेन उघडलं. मागच्या वर्षीची उत्तरं लांबलचक होती. त्यांत व्याख्या होत्या, अपवाद होते, क्षमायाचना होत्या. या वेळी कागद फारसा भरला नाही.

'सप्रेम नमस्कार. आपल्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला. तिसऱ्या रांगेतल्या बाईंना मी पाहिलं. त्या कशात बसतात, ते मला सांगता येत नाही. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, एवढंच सांगता येईल.'

सकाळी टपालपेटीपाशी त्यांना नेहमीप्रमाणे शंका आली. अक्षर वाईट आलं होतं. शेवटचं वाक्य जरा आगाऊ वाटत होतं. हात पेटीच्या फटीत होता आणि दोन बोटांच्या चिमटीत पाकीट अजून लोंबत होतं. मागे उभी असलेली एक बाई स्वतःची पत्रं सावरत म्हणाली, "काका, टाकताय ना?"

"हो, हो," ग्रंथपाल बसक्या आवाजात म्हणाले, आणि त्यांनी चिमूट सोडली.