भिकाजी तांडेलाची ओळ

आम्ही मुंबईला युनिव्हर्सिटीत शिकणारे पाचजण, आणि आमचा वाद्यवृंद असा, की पहिल्या कार्यक्रमाला लोक अर्धा तास वाट पाहत बसले होते, यांचे सूर एकदाचे जुळणार कधी आणि हे वाजवणार कधी. टाळ्यांची वेळ आली तेव्हा त्यांना कळलं की वाजवून झालं. रघू माणगावकर आमचा म्होरक्या. पेटी त्याची, कल्पना त्याच्या आणि अक्कल शिकवायची हौसही त्याचीच. ओळखीचा राग नको, ओळखीची चाल नको, संगीत आजचं हवं, असा त्याचा हट्ट. बासरी, जलतरंग, तबला आणि माझं फिडल मुकाट्यानं त्याच्या मागून जायचं.

चौतीस सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत ही वरात मी रत्नागिरीला, भाट्याच्या खाडीजवळच्या आमच्या घरी आणली. रघूनं 'तारू' नावाची नवी रचना बांधली होती. एक गलबत कौलं भरून निघतं, वादळात सापडतं आणि परत येत नाही. वादळ वाद्यांनी करायचं, आणि मधून मधून निवेदकानं गोष्ट सांगायची. निवेदक म्हणून रघूला आमच्यातला एकही पसंत पडेना. आम्ही बोललो की वादळसुद्धा परीक्षेला बसल्यासारखं वाटतं, असं तो म्हणे. मग एका सकाळी त्यानं जन्मभर गलबतं हाकलेल्या, शेजारच्या भिकाजी तांडेलाला पलीकडच्या तीरावरच्या होडीला हाक मारताना ऐकलं, आणि हातातला चहा तसाच ठेवून तो बाहेर धावला.

मी रघूला वाटेत गाठून म्हाताऱ्याचं सगळं सांगितलं. भिकाजीचा एकुलता लेक लवू खलाशी म्हणून कौलांच्याच गलबतावर गेला होता. जयगडच्या पुढे वादळानं गाठलं. चार फळ्या किनाऱ्याला लागल्या, माणूस एकही लागला नाही. त्याला आता सात वर्षं होत आली होती. प्रेत दिसलं नाही म्हणजे लेक मेला नाही, असा भिकाजीचा हिशेब. रोज सांजावलं की त्याच्या घरात तीन पानं मांडली जात. एक त्याचं, एक सून मालनचं आणि एक लवूचं. लवूच्या पानात आधी वाढायचं. सकाळी ते अन्न गाईला जाई, आणि संध्याकाळी कपाळाला कुंकू लावून मालन पुन्हा वाढायला बसे.

त्यांच्या जातीत बाईचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत असे. पण समुद्रात हरवलेल्या माणसाची बायको तशी मोकळी होत नसे. घरच्या कर्त्यानं चारचौघांत उभं राहून 'तो मेला' असं म्हणावं लागे, नाहीतर बारा वर्षं थांबायचं. पावस गावच्या सखारामनं मागणी घालायला दोनदा माणसं पाठवली होती. नारळीची बाग राखणारा सरळ माणूस, बायको बाळंतपणात गेलेली. भिकाजीनं आलेल्यांना गूळपाणी दिलं आणि माझी सून सवाष्ण आहे म्हणून वाटेला लावलं. मालन माझ्या आईजवळ एकदा रडली. तिशी जवळ आली काकी, म्हणाली, मला पोर हवंय. आई पुढे कितीतरी दिवस भिकाजीच्या नावानं बोटं मोडत होती. मलाही म्हाताऱ्याचा राग येई. त्याच्या पडवीत जाऊन बसलं की मात्र तो टिकत नसे, कारण बोलता बोलता त्याची नजर सारखी समुद्राकडे जायची.

एवढं ऐकूनही रघू गेलाच. आणि नवल म्हणजे भिकाजी हो म्हणाला. तारवाची गोष्ट तारवावरच्या माणसानंच सांगावी, असं त्याचं मत पडलं. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रघूनं दोनदा वाचून दाखवलं आणि त्याला सगळं पाठ झालं.

कार्यक्रम शाळेत ठरला होता; तालमी आमच्या घरापुढच्या खळ्यात होत. भिकाजी 'वारा फिरला' म्हणाला की जलतरंगवाल्याच्या हातातल्या काड्या थबकत. पण शेवटची ओळ होती, 'तारू परत आलं नाही.' तिथं आलं की भिकाजी तोंड मिटून घेई. रघूनं समजावलं, विनवलं, शेवटी चिडला. हे तुमचं तारू नाही, गोष्टीतलं आहे, असं त्यानं परोपरीनं सांगितलं.

"कोणाचंही असूं दे," भिकाजी म्हणाला. "बंदरावर असा बोलत नाय."

आणि ते खरंच होतं. आमच्याकडे घरातून निघणारा माणूस येतो म्हणतो, जातो कधी म्हणत नाही. गेलेल्याविषयीसुद्धा लोक येईल असंच बोलतात. शेवटी मी मध्ये पडलो. त्या जागी भिकाजीनं गप्प राहावं आणि मी फिडल वाजवावं, असं ठरलं. रघूला ते उलट जास्त आवडलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच्या तालमीला मालन आमच्यासाठी कोकमाचं सरबत घेऊन आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. भिकाजी शेवटाला आला, थांबला. मी फिडल उचललं आणि सहज तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. तालमी ऐकून ऐकून तिलाही सगळं पाठ झालं होतं, आणि सासऱ्यानं सोडलेली ओळ ती आवाज न करता म्हणत होती. मी मान वळवली तर भिकाजीही तिच्याकडेच बघत होता. माझा सूर पुरता चुकला. भिकाजी सरबत न पिता घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शाळेचे दोन वर्ग एक करून कार्यक्रम झाला. पुढे खुर्च्यांवर वकील, मामलेदार, डॉक्टर. मागे जाजमावर बंदरावरची माणसं आणि एका बाजूला बायका, त्यांत माझी आई आणि मालन. आम्ही वाजवू लागलो तशी पुढची मंडळी चुळबुळली, पण भिकाजीचा आवाज लागला आणि सगळे गप्प झाले. गलबत निघालं, वारा फिरला, शीड फाटलं. शेवट आला. मी गज तारेवर ठेवला, तेवढ्यात भिकाजीनं माझ्याकडे न बघता हात वर केला.

"तारू परत आलां नाय," तो म्हणाला. मग मागच्या जाजमाकडे वळला. "माजा लवू पण आला नाय. लवू मेला. मी त्याचा बाप, चारचौघांत सांगतोय. माजी सून मोकळी झाली."

पुढच्या खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, नवं संगीत असंच असतं. मागे बंदरावरची माणसं एकेक करून उभी राहिली. आणि बायकांतून मालनचा हंबरडा ऐकू आला, जणू लवू त्याच घटकेला बुडाला होता. तिला हे हवं होतं, तरी ती तशी रडली. इतकी वर्षं त्या घरात तिला रडायचीसुद्धा मुभा नव्हती. रघू पेटीवर डोकं ठेवून बसला. त्याचं 'तारू' आम्ही पुन्हा कधी वाजवलं नाही.

पावसाआधीच पाट लागला. पावसला जायला भाट्याची खाडी होडीनं ओलांडावी लागे. सखाराम बोचकं घेऊन होडीत बसला होता. आम्ही काठावर होतो. मालन भिकाजीच्या पाया पडली आणि सवयीनं म्हणाली, "येत्ये, मामा."

"येत्ये म्हणू नको, बाय," भिकाजी म्हणाला. "त्या शब्दावर आपण फार वर्षं बसलो. जात्ये म्हण."

तिच्यानं म्हणवेना. पदर तोंडाशी धरून ती तशीच उभी राहिली. होडीवाला ओहोटी लागली म्हणून हाका मारू लागला. तरी म्हातारा तिच्या डोक्यावरचा हात काढीना.

"म्हण बाय. नायतर मी तुझी वाट बघत बसेन."

"जात्ये," ती म्हणाली, आणि मागे न बघता होडीत चढली.

त्या संध्याकाळी आईनं भाकरी आणि सुकटाची चटणी बांधून मला भिकाजीकडे पाठवलं. एकटा माणूस, चूल पेटवतो की नाही कोण जाणे, म्हणाली. दार उघडंच होतं. आत दिवा होता. भिकाजी भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्यापुढे दोन पानं मांडलेली होती. अहो तांडेल, तुम्हीच तर सगळ्यांसमोर सांगितलंत ना, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"ता लोकांना सांगितलां," तो म्हणाला. "लवूला कुठं सांगितलंय?"

मी खाली बसलो, फडकं सोडलं, आणि आधी लवूच्या पानात वाढलं.