दुधाची बादली

पानावर फिकट हिरवे डाग, मधूनमधून गडद हिरवे... उजेडाकडे धरलं की ते अधिकच स्पष्ट होत होते, आणि वर्ना लेडफोर्ड दहा मिनिटं ते पान चिमटीत धरून उभी होती. उन्हाचा चटका बसला असेल. खत कमी पडलं असेल. तीस वर्षं टोमॅटोचे वाण घडवणाऱ्या बाईला अशी पन्नास कारणं तोंडपाठ असतात, आणि त्यातलं एकही खरं नाही हेही पहिल्या नजरेत कळलेलं असतं. तरी तिनं पान चुरून तपासणीच्या द्रवात घातलं, त्यात पट्टी बुडवली. एक लाल रेघ उमटली. मग सावकाश, कुणी बोलावलं नसताना आल्यासारखी, दुसरी. तंबाखूवरचा मोझॅक, तंबाखूतून हाताला लागून रोपारोपांत पसरणारा विषाणू. म्हणजे आज संध्याकाळच्या आत काचघरातली चाळीसच्या चाळीस रोपं उपटून जाळायची.

चार ओळी, ओळीत दहा रोपं. त्यांच्या वंशात एका बाजूला या डोंगरातल्या म्हाताऱ्यांनी परसात जपलेला गुलाबी टोमॅटो, ज्याची चव घेतल्यावर दुकानातला टोमॅटो खाववत नाही, पण ऑगस्टचं धुकं उतरलं की करप्यानं आठवड्यात काळा पडणारा. दुसऱ्या बाजूला करप्याला भीक न घालणारी, वाटाण्याएवढी कडवट फळं धरणारी रानटी जात. या दोघांचा संसार जुळवण्यात तिची बारा वर्षं गेली. कळी उमलायच्या आधी चिमट्यानं तिच्यातले पुंकेसर उपटायचे, दुसऱ्याचे पराग लावायचे, शंभर रोपांतली नव्व्याण्णव फेकायची, पुन्हा पहिल्यापासून. गेल्या सप्टेंबरात एक फळ हाती लागलं... करप्यातून उभ्या राहिलेल्या झाडावरचं. तिनं आणि तिचा मदतनीस ओडेल यानं ते पांढऱ्या पावात मेयोनीज आणि मीठ लावून उभ्या-उभ्या खाल्लं. त्या फळाच्या जेवढ्या बिया रुजल्या, त्यांची ही चाळीस. त्याआधीच्या एका जुन्या पिढीचं बी थंड खोलीत आहे, पण तिथून इथवर यायला पाच वर्षं, आणि वर्नाची निवृत्ती दोन वर्षांवर. मोझॅकला न जुमानणारा गुण तिनं मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो आधी घातला की चव बिघडते. तोवर हात धुऊ, असं तीच म्हणाली होती.

हात दुधात धुवायचे. काचघराच्या दारात पावडरीचं दूध कालवलेली बादली, येताना-जाताना दोन्ही हात मनगटापर्यंत. दुधानं तो विषाणू लुळा पडतो. तिचा नवरा हॉबर्ट भावाच्या खळ्यातलं तंबाखूचं पान चुरून स्वतःच सिगारेट वळायचा, आणि जेवणाचा डबा घेऊन आला की दारातूनच ओरडायचा, "मांजर आहे का गं मी? दूध दाखवल्याशिवाय आत घेत नाहीस ते." मार्चमध्ये हॉबर्ट गेला. त्याचा कोट अजून तिच्या ट्रकमध्येच आहे.

एप्रिलमधली ती थंडगार सकाळ... नको. हात धुवायला ती विसरली होती, इतकंच. माणूस विसरतं.

अकराच्या सुमाराला संशोधन केंद्राचा नवा प्रमुख थॅड आला. पोरगेला, पण शहाणा. काचघरात पाऊल न टाकता दारातच उभा राहिला. वाईट वाटतंय म्हणाला, आणि ते खरंच वाटत होतं. मग त्यानं विचारलं, तंबाखू कोण वापरतं. वर्नानं तोंड उघडलं, पण त्यातून शब्द निघायच्या आत ओडेल बोलून गेला होता.

"मी. नाताळात सोडली होती. मासे धरायला गेलो तेव्हा घातली एक चिमूट तोंडात. माझंच असणार."

थॅडनं मान हलवली, अहवालात कारणाच्या रकान्यात नीट लिहा असं वर्नाला सांगून गेला. ती मेल्यासारखी गप्प राहिली, आणि गप्प राहिल्याची तिला भयंकर लाज वाटली. ओडेलनं पिशव्या आणल्या. बोलायचं तर आत्ताच, असं तिला वाटत होतं, आणि तो तिसऱ्या ओळीतली तीन रोपं उपटून होईपर्यंत ती नुसती पाहत होती.

"पहिल्या दोन ओळी स्वच्छ आहेत," शेवटी ती म्हणाली. "त्यांच्या बगलेतली फूट तू खुडली होतीस. या दोन ओळींची मी."

"ठाऊक आहे."

"मग त्याला तसं का सांगितलंस?"

ओडेलनं चौथं रोप उपटून, मातीसकट, पिशवीत घातलं. "त्या दिवशी तुम्ही हॉबर्टचा कोट घालून आलात. बादलीपाशी थांबलात. मग तशाच पुढे गेलात. मी पाहत होतो, वर्नाबाई."

"बोलला का नाहीस मग?"

"काय बोलू? हात धुवा म्हणू?"

तो पुढच्या रोपाकडे वळला. वर्ना जागच्या जागी उभी राहिली — म्हणजे विसरले नव्हते मी. खिशाच्या शिवणीत तंबाखूचा चुरा होता, बोटांना लागला, आणि बोटं नाकाशी नेली तर हॉबर्ट — त्याची मान, त्याची सकाळ, सगळाच... समोर दूध होतं. हात बुडवला की तो जाणार होता. काय होऊ शकतं ते माझ्याइतकं या डोंगरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तरी मी पुढे गेले, वीस रोपांना हात लावला, मध्येच थांबून बोटांचा वास घेत घेत. दोन दिवसांत तो वास तसाही उडून गेला.

ती चौथ्या ओळीकडे गेली. शेवटच्या रोपाला गोटीएवढं हिरवं फळ धरलं होतं. त्याची चव आता कुणालाच कळणार नव्हती. तिनं ते रोप स्वतः उपटलं. रडू आलं, आणि ती वाट पाहत राहिली, त्या सकाळचाही पश्चात्ताप होईल अशी. झाला तो रोपं गेल्याचा. ओडेलच्या नावाला डाग लागला त्याचा झाला. न धुतलेल्या हाताचा काही केल्या होईना, आणि अहवालातल्या त्या रकान्यात हे कसं लिहायचं ते तिला कळेना.

बाहेर जाताना बादलीपाशी ओडेल तिच्यासाठी थांबला होता. तिनं डावा हात दुधात बुडवला. उजवा तिनं थोडा वेळ तसाच बाहेर धरला, नाकाशी नेला. मातीचा आणि टोमॅटोच्या पाल्याचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही.

"दूध गार आहे," ती म्हणाली, आणि तिनं तोही हात आत घातला.