डाव्या कानातली नात

टीव्हीवर डिजिटल स्टिरिओ आवाज आला त्या वर्षी इंग्लंडमधल्या बर्नली गावातल्या आमच्या शेजारच्या क्लिफर्डने नवा टीव्ही भाड्याने आणला. रविवारी दुपारी त्याची नात हेदर टीव्हीवर ब्रास बँडमध्ये एकटीने कॉर्नेट, म्हणजे छोटा ट्रम्पेट, वाजवणार होती. क्लिफर्डचा डावा कान कापडगिरणीतल्या मागांनी चाळीस वर्षांत खाऊन टाकला होता. उरलेल्या कानासाठी तो आवाज इतका वाढवी, की आमच्या घरातला चहा थरथरे. म्हणून त्याच्या बायकोने, एडिथने, त्याला हेडफोन घालायला लावले आणि शेजारधर्म म्हणून मलाही बोलावलं.

बँड सुरू झाला. हेदर उभी राहून वाजवू लागली.

"पोरीचा आवाज कुठंय?" क्लिफर्ड ओरडला. "नुसते ट्रॉम्बोनवालेच घुमतायत मेले!"

"कॉर्नेटवाले बसतात डावीकडे," एडिथ मला म्हणाली. "म्हणजे आमची हेदर गेली थेट ह्याच्या मेलेल्या कानात! काय तरी बाई सुधारणा."

तिने उठून त्याच्या डोक्यावरचे हेडफोन काढले, उलटे फिरवले आणि पुन्हा चढवले. क्लिफर्डचा चेहरा एकदम विरघळला. एडिथ त्याच्यासमोर वाकली. मागांच्या खडखडाटात गिरणीतल्या बायका बोलत तशी, नुसते ओठ हलवून तिने विचारलं, "येतंय का ऐकू?"

"गप्प बस गं जरा!" तो भरल्या डोळ्यांनी खेकसला. "पोर वाजवतेय."

एडिथने तोंडातून आवाजच काढला नव्हता. तरी ती निमूट गप्प बसली, त्याच्या खुर्चीच्या हातावर, त्याला टेकून.