पुढून रंगवलेलं चाक

मी चाक बोलतोय. सुदेशच्या गाडीचं पुढचं, डाव्या बाजूचं चाक. लोक चाक म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काळा टायर येतो. मी तो नव्हे. टायर ज्याच्यावर चढवतात तो चंदेरी धातूचा गोल म्हणजे मी. मला अ‍ॅलॉय म्हणतात. टायर झिजला की बदलतात, त्याला सुटका असते. मला वर्षानुवर्षं कोणी बदललं नाही, म्हणून इतका दमलोय.

कारखान्यात वितळलेला धातू साच्यात ओतला आणि आम्ही चौघं भावंडं जन्माला आलो. प्रत्येकाला पाच पाकळ्या. त्या दिवसांत आमच्यात तोंड बघून भांग पाडावा, अशी चकाकी होती.

पहिला मालक डिचोलीचा शांताराम. त्याचे ट्रक खाणीवर चालायचे आणि खाणी तेव्हा जोरात होत्या. गाडी घेताना दुकानातल्या माणसाने साधं मॉडेल दाखवलं, तर हा म्हणाला, "लोखंडी चाकां आमच्या ट्रकांक. गाडयेक हीच जाय." म्हणजे माझ्यासाठी त्याने वरचं मॉडेल घेतलं! रोज सकाळी ड्रायव्हर आम्हाला धुवायचा आणि रोज संध्याकाळपर्यंत आमच्यावर खाणीची तांबडी धूळ बसायची. त्या धुळीचंही शांतारामला कौतुक होतं.

मग खाणी बंद पडल्या. ट्रक उभे राहिले, गाडीही फणसाखाली उभी राहिली. माझ्यावरचा टायर बसला, पाकळ्यांत पानं कुजली, एका मांजरीने माझ्या आडोशाला पिल्लं घातली. शांताराम अधूनमधून यायचा, दार उघडून आत बसायचा आणि गाडी चालू न करताच उतरून जायचा. बिचारा. एके दिवशी त्याने चावी सुदेशच्या हातात दिली आणि आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

सुदेश हळर्णचा. पेडण्याला कचेरीत कारकून. माणूस स्वभावाने गरीब, पण ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवणारा. त्या ब्रेकची काळी भुकटी सगळी माझ्या अंगावर. रविवारी तो काचा पुसायचा, बोनेट पुसायचा आणि बाल्दीत उरलेलं मळकं पाणी आमच्यावर ओतायचा. आमची आंघोळ ती एवढीच.

त्याची एक सवय मी पहिल्याच वर्षी हेरली. चवथीच्या आधी तो घराला रंग लावायचा, पण फक्त पुढच्या भिंतीला. पाहुणे पुढून येतात, गणपती पुढून येतो, मग मागची भिंत कोण बघणार? तिच्यावर शेवाळं तसंच. बायको सुविधा दर वर्षी म्हणायची, "मागल्या भिंतीक थोडो रंग मारा मरे." तो दर वर्षी म्हणायचा, "फुडल्या वर्सा." सुदेश एकटाच असा आहे असं नाही. रस्त्याने जाताना मी हजारो घरं पाहिली आहेत.

त्यांची मुलगी समीक्षा याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकली. एकदा फाटकातून आत घेताना तिने मला चिऱ्यांच्या भिंतीवर कर्रकन घासलं. जीव कळवळला माझा. पोरगी खाली उतरली आणि दाराला काय झालं ते न बघता आधी माझ्यापाशी बसली. ओढणीने ओरखडा पुसत म्हणाली, "सॉरी हां." मागून सुदेश ओरडला, "चाकाक सॉरी म्हणता, बापायक नाय!" चाकाची माफी मागणारं माणूस मला तेवढं एकच भेटलं. तो ओरखडा मी दागिन्यासारखा जपला.

मोपाला विमानतळ झाला तेव्हा सगळा पेडणे तालुका विमानं बघायला लोटला होता. आमच्या घरचेही गेले. परत येताना सगळ्यांच्या माना वर आणि खड्डा खाली. मी त्यात असा आदळलो की आतून काहीतरी तुटल्याचं मला समजलं. बाहेरून काही दिसेना. माझ्या मागच्या बाजूला, गाडीखाली वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी, केसाएवढी चीर पडली होती. त्या दिवसापासून हवा धरून ठेवणं मला जड जाऊ लागलं. सुदेश आठवड्याला पंपावर हवा भरायचा आणि म्हणायचा, "वाल्व लूज आसतलो."

समीक्षाचं लग्न डिचोलीत झालं. तिचे सासरे जयराम मोठे थट्टेखोर. एकदा जेवून अंगणात आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सुदेशबाब, गाडी बरी आसा. पूण चाकांक खरूज लागल्यासारखी दिसता!" सगळे हसले, सुदेशही हसला. पण घरी आल्यावर त्याने आधी आम्हा चौघांभोवती एक फेरी मारली. बोलणारा विसरतो, पण ज्याला लागतं त्याच्या ते काळजात राहतं.

समीक्षाला दिवस गेले. सातवा महिना लागला, डोहाळजेवणाची फुलं माळून झाली. पहिलं बाळंतपण माहेरचं, तेव्हा लेकीला आणायला गुरुवारी सकाळी जायचं ठरलं. सुदेशने कचेरीतून आदल्या दिवसाचीही रजा काढली, ती मात्र आम्हाला रंगवायला. फोनवर व्हिडिओ लावला, गाडी चिऱ्यांवर चढवली आणि आम्हा चौघांना काढून अंगणात मांडलं.

सुदेशने जीव ओतून काम केलं हे मला मान्य करायला हवं. पॉलिश पेपरने त्याने मला तासन् तास घासलं. खपल्या गेल्या, खड्डे पुट्टीने भरले. समीक्षाचा ओरखडाही गेला. तो जाताना मला फार वाईट वाटलं. टायरला रंग लागू नये म्हणून टायर आणि माझ्यामध्ये गोल खोचायला त्याने चवथीत खेळायचे जुने पत्ते काढून ठेवले. त्यातला इस्पिकचा राजा नंतर माझ्या डोक्यावर आला. पण हे सगळं पुढूनच चाललं होतं. मागची बाजू त्याने बोटानेही चाचपली नाही.

रंग मारण्याआधी धुवायचं काम सुविधाने घेतलं. तिने भांड्यांचा साबण घेतला आणि आम्हाला भांड्यांसारखंच धुतलं, आधी उताणं, मग पालथं. भांडं कोणी नुसतं बाहेरून घासतं का? मी पालथा झालो, माझ्या पाठीवरून साबणाचं पाणी गेलं आणि ती थांबली.

"अहो, हय बघा. बुडबुडे येतत."

"साबणाचो फेस तो. येतलोच."

"फेस सगळ्याक येता. हे एकाच जाग्यार येतत. फोडलंय तरी परत येतत."

सुदेश येऊन वाकला. बोटाने फेस पुसला. एक बारीक बुडबुडा आला, फुगला, फुटला आणि त्याच जागी दुसरा आला. वर्षानुवर्षं मला जे सांगायचं होतं ते मी तेव्हा सांगितलं. याहून मोठ्याने बोलता येत नाही मला. त्याला ते कळलं, हे त्याच्या चेहऱ्यावर मी पाहिलं. पण त्याच चेहऱ्यावर जयरामांच्या हसण्याची आठवणही आली.

"बारीक आसा," तो म्हणाला. "पुट्टी लावतंय. फाल्यां आमच्या चेडवाक, समीक्षाक हाडूक जाय, आता नवें चाक खंयसून हाडू?"

"स्टेपनी घाला."

"तें काळें लोखंड? तीन चांदयेचीं आनी एक गंजलेलें? जयरामबाब गावभर सांगतले!"

सुदेशने टाकीची गळती बुजवतात ती पुट्टी माझ्या चिरेवर थापली आणि मला उताणा करून रंगाचा डबा हलवू लागला. आधी प्रायमर, मग चंदेरी, मग वरून चकाकीचा हात. वाऱ्याने थोडी चांदी दोरीवरच्या सुविधाच्या परकरालाही लागली. दुपारी मी उन्हात असा झळकत होतो की शेजारची संजना मुद्दाम बघायला आली. "नवीं काय?" तिने विचारलं. सुदेशची छाती फुगली. मी मात्र भीतीने गार पडलो होतो. गाडीत डाव्या बाजूला पुढे बसणारं माणूस बरोबर माझ्यावर बसतं. उद्या तिथे समीक्षा बसणार होती, पोटातल्या जिवासकट. वाटेत उतार होता, वळणं होती, खड्डे होते. आणि ते सगळं एका चिमूटभर पुट्टीच्या भरवशावर.

गुरुवारी सकाळी सुदेशने आम्हाला परत गाडीला चढवलं आणि पायाच्या पंपाने हवा भरली. वाटेत कमी पडू नये म्हणून थोडी जास्तच भरली. मग तो कपडे बदलायला आत गेला. सुविधा ओटीचं सामान, फळं आणि घरचे लाडू पिशवीत भरत होती. अंगणात कोणी नव्हतं. माझ्या पाठीत कळ आली. आजवर कसं धरलं होतं ते माझं मला ठाऊक. मी सोडलं की सुटलं, ते मलाच सांगता येणार नाही. फट्ट आवाज झाला, पुट्टीचा तुकडा उडाला आणि गाडी डाव्या बाजूला कलली.

दोघं बाहेर आली. इस्त्रीच्या शर्टात सुदेश माझ्यासमोर उकिडवा बसला. मी नव्या नवरीसारखा चमकत होतो आणि माझ्याखाली टायर लोळागोळा होऊन पडला होता. सुविधाने पिशवी पायरीवर ठेवली.

"फुटलें तें बरें जालें," ती म्हणाली. "आमच्या अंगणात फुटलें. तुमका कोणाचें हसू दिसता, माका माझें चेडू दिसता."

सुदेश उठला, डिकी उघडली आणि लोखंडी स्टेपनी बाहेर काढली. तीन चकचकीत चाकं आणि एक काळं गंजकं चाक घेऊन गाडी फाटकातून गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशिवाय गेली.

दुपारी गाडी परत आली. समीक्षा सावकाश उतरली आणि हसत आईला सासऱ्यांची गंमत सांगू लागली, "आई, मांवानी विचारलें, 'सुदेशबाब, तीन न्हवरे आनी एक वऱ्हाडी?' सगळे हसले गो."

"मगे? बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, 'हांव चेडवाक व्हरूक आयलंय, चाकां दाखवक नाय.' मगीर मांवानीच पिशवी गाडयेत ठेवली."

मग तिचं लक्ष पायरीला टेकवलेल्या माझ्याकडे गेलं. तिने वाकता येईल तेवढं वाकून माझ्यावर हात फिरवला. "बाबा, माझो ओरखडो खंय गेलो?"

"घासलो."

"कित्याक?"



दुसऱ्या दिवशी पेडण्याच्या टायरवाल्याने माझ्यावरचा टायर उतरवला, मला उजेडात फिरवलं आणि नुसती मान हलवली. चीर टायरखालून जवळजवळ अर्ध्या गोलापर्यंत गेली होती. "आनी एक खड्डो मेळलेलो जाल्यार..." एवढं बोलून तो थांबला. सुदेश तिथल्या स्टुलावर बसला. मला भंगारात टाकायला त्याचं मन झालं नाही. त्याने मला घरी आणलं. आणि त्या वर्षी चवथ यायची वाट न बघता त्याने घराची मागची भिंत रंगवली.

आता मी त्या भिंतीपाशी, न्हाणीच्या दारात पालथा पडलो आहे. रंगवलेलं तोंड मातीत आणि चिरलेली पाठ वर. सुविधाची गोल बुडाची कळशी माझ्या पोकळीत छान बसते. समीक्षाला मुलगी झाली. रोज सकाळी त्या कळशीतल्या कोमट पाण्याने तिला न्हाऊ घालतात. पोरगी भोकाड पसरते आणि अंगावर पाणी पडलं की गप्प होते.

बाबांनो, घरी चाकं रंगवा, हौसेने रंगवा, माझी ना नाही. पण रंगाचा डबा हलवण्याआधी एकदा आम्हाला पालथं करा आणि साबणाचं पाणी ओता. आम्हाला जे सांगायचं असतं ते पाठीवर असतं. आणि बुडबुडा दिसला तर कोण हसेल याचा विचार करू नका. त्या चाकावर कोण बसणार आहे, त्याचा करा.

बाळाच्या आंघोळीचं साबणाचं पाणी उडून माझ्या पाठीवर येतं. चिरेवर फेस जमतो आणि ओघळून जातो. सुविधा अजून सवयीने तिथे बघते. बुडबुडा येत नाही. मला आता काही धरून ठेवायचं नाही.