साबणापर्यंतची मुलाखत

मी एक जुनी बादली आहे. तुमच्या न्हाणीघरात असते तसली नव्हे. मला चार चाकं आहेत, पोटात दोन कप्पे आहेत आणि डोक्यावर मॉप पिळायचा दांडा आहे. रंग मूळचा पिवळा. आता मला पिवळी म्हणायला मन मोठं लागतं. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूकडे कोणी बघत नाही, सगळे वळसा घालून जातात. त्याचा एक फायदा होतो. माझ्यासमोर माणसं जशी असतात तशीच वागतात.

एका कारखान्यात, एका साच्यातून, मिनिटभरात माझा जन्म झाला. माझ्या काही बहिणी इस्पितळांत गेल्या, काही शाळांत. मी आले एका कंपनीच्या दोन मजली ऑफिसात. ही कंपनी नेमकं काय करते ते मला आजतागायत कळलेलं नाही. लोक सकाळी येतात, पडद्याकडे बघत बसतात आणि संध्याकाळी जातात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या बुटांना एवढी माती कुठून लागते, हे कोडंही मला सुटलेलं नाही.

पहिली नऊ वर्षं मी सफाई करणाऱ्या मावशींच्या हाताखाली काढली. हाताखाली म्हणजे शब्दशः. मावशींची एक रीत होती: एका वेळी चार पायऱ्या घ्यायच्या, आधी साबणाच्या पाण्याचा हात, तो ओला असतानाच लगेच साध्या पाण्याचा हात, मग पुढच्या चार. जिना काळ्या दगडाचा. त्यावर साबण वाळला की पांढरट साय धरते, फरशी चिकट होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बुटाचा शिक्का बसतो. मावशींच्या काळात त्या चकचकीत जिन्यात तोंड बघून माणसं भांग पाडून घेत. कोणी कधी त्यांना "छान पुसलंत" म्हटल्याचं मात्र मी ऐकलं नाही. मग मावशींचे गुडघे गेले, आणि गुडघ्यांपाठोपाठ मावशीही.

त्यांची जागा भरण्याचं काम आलं टायवाल्या साहेबांकडे. हे गृहस्थ स्वच्छता विभागाचे व्यवस्थापक. त्या वेळी त्यांच्या विभागात एक फोन, एक कपाट आणि मी, एवढेच होतो. तरी टाय रोज वेगळा.

त्यांनी मुलाखती घ्यायला सुरुवात केली. मीटिंगची खोली रिकामी असायची, पण तिथल्या खुर्च्या कापडाच्या. फरशी पुसणाऱ्या बायका त्यांवर बसल्या तर खुर्च्यांचं काय होईल, या काळजीने साहेब मुलाखती माझ्या खोलीत घेत. खराटे, फिनेलचे कॅन, मी, आणि मध्ये एक प्लॅस्टिकचं स्टूल. साहेबांच्या हातात छापील प्रश्नांचा कागद. तो विमान चालवणाऱ्यांसाठी लिहिलेला असावा.

"तुमच्यातला एक दोष सांगा."

"माझ्यातला? माझ्यात नाही बाई. घरात आहे एक, त्याच्याशी लग्न झालंय."

"आमच्याच कंपनीत काम का करावंसं वाटतं?"

"बस दारात थांबते."

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"इथंच की. का, तुम्ही फरशी काढणार आहात?"

साहेब हसत नसत. कागदावर काहीतरी खूण करत. मॉप कसा पिळतात, संडासाला कोणतं औषध आणि काचेला कोणतं, हे त्यांनी एकीलाही विचारलं नाही. विचारणार कसे? त्यांना स्वतःला ते ठाऊक नव्हतं. मग म्हणत, "चला, आता प्रात्यक्षिक." म्हणजे जिना, खालचा मोठा हॉल आणि दोन्ही मजल्यांचे संडास. अकराला सुरू, दोनला संपवा. संपलं की "कळवतो हं."

दर सोमवारी दोघी-तिघी नव्या बायका. अकरा महिने. मी बादली, मला वाटे, माणूस मोठा चोखंदळ आहे, मनासारखी बाई सापडत नसेल.

अशाच एका सोमवारी दोघी आल्या. एक होती इस्पितळवाली ताई. चौदा वर्षं इस्पितळात सफाई केलेली. ठेकेदार बदलला आणि त्याने आपली माणसं आणली. दुसरीने केसांना इतका काळा रंग लावला होता, की कपाळावरही थोडा उतरला होता. तिला आपण रंगवाली म्हणू. छापील प्रश्न झाले, आणि दोघी मला नळाखाली घेऊन गेल्या.

"वय किती सांगितलंस गं?" रंगवालीने विचारलं.

"बेचाळीस. आहे तेच."

"खुळी आहेस. मी पंचेचाळीस सांगते. गेली तेरा वर्षं पंचेचाळीसच सांगतेय."

ताई हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "मला आज जमायलाच हवं हो. पहिल्या तारखेला दीर टेम्पो घेऊन येणार आहेत. हे गेल्यापासून जाऊबाईंनी धरलंय, एकटी कशाला राहतेस, आमच्याकडे ये, घरातलंच माणूस तू. म्हणजे त्यांची धुणीभांडी, सासूबाईंचं अंथरूण, सगळं माझ्या गळ्यात. आणि माझी पोर नववीत आहे. जाऊबाई म्हणतात, नववी म्हणजे पुष्कळ झालं की."

"मग नाही म्हणून सांग तोंडावर."

"सांगितलं. दीर म्हणाले, नोकरीचा कागद दाखव, टेम्पो नाही आणत. आज अठ्ठावीस."

इतक्यात साहेब आले. त्या दिवशी ते घाईत होते. तीन वाजता कंपनीच्या मोठ्या बाई पाहणीला यायच्या होत्या.

"आधी सगळीकडे साबण फिरवा. वरपासून दारापर्यंत. फेस दिसला पाहिजे."

ताई म्हणाली, "साहेब, चार-चार पायऱ्या घेतात. सगळीकडे एकदम साबण लावला तर पहिला भाग वाळून बसेल."

"इंटरव्ह्यू कोणाचा चाललाय, तुमचा की माझा?"

ताईने मॉप उचलला. तारीख अठ्ठावीस होती ना. दोघींनी जिना वरून खालपर्यंत फेसाने भरला, मग हॉल. साहेबांनी त्या फेसाचा फोटो काढला आणि चहाला गेले. मित्रांनो, फेस म्हणजे स्वच्छता असं समजणारा माणूस मी तोपर्यंत फक्त जाहिरातीत ऐकला होता.

माझं पाणी बदलायला रंगवाली वाकली आणि हळूच म्हणाली, "तुला म्हणून सांगते. माझी ही तिसरी खेप."

"इथेच? तिसऱ्यांदा प्रात्यक्षिक?"

"त्याला माझं तोंडही आठवत नाही. मागच्या दोन्ही खेपांना केस पांढरे होते. वाटलं, म्हातारी म्हणून नाही घेतलं. म्हणून या वेळी रंगवून आले."

"मग घेतलं कोणाला?"



ताईने जिन्याकडे पाहिलं. मग उकिडवी बसून तिने एका पायरीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग वरच्या पायरीवरून. तिथे काळा थर होता, नखाने खरवडला तरी निघेना.

"मावशी, कोपरे बघा. दर पायरीला वेगळा हात लागलाय. ज्या बाईला उद्या पुन्हा यायचं असतं ती कोपरा असा सोडत नाही. इथं दुसऱ्या दिवशी कोणी आलेलंच नाही."

माझ्या दोन्ही कप्प्यांतलं पाणी थिजल्यासारखं झालं. अकरा महिने मी ज्याला चोखंदळ समजत होते, तो फुकट्या होता. पुरता, टायसकट फुकट्या.

ताईने मॉप माझ्यात उभा केला, हात पदराला पुसले आणि दाराशी जाऊन उभी राहिली. रंगवालीही तिच्या शेजारी गेली. साहेब चहा पिऊन आले तेव्हा घड्याळात सव्वादोन झाले होते. जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर पांढरी साय धरू लागली होती, आणि दोन कारकुनांच्या बुटांचे शिक्के ठसठशीत उमटले होते.

"हे काय? थांबलात का?"

"चाचणी झाली, साहेब," ताई म्हणाली. "चाचणी साबणापर्यंत. साध्या पाण्याचा हात पगारावर."

"अहो, मोठ्या बाई तीनला येतायत!"

"म्हणून तर म्हणते, कागद लवकर लिहा. आणखी अर्ध्या तासाने हे गरम पाण्यानेसुद्धा निघायचं नाही."

साहेबांनी आवाज चढवला, मग उतरवला. कंपनीची रीत सांगितली. नंतर ऑफिसातलं कोणी बघत नाही असं पाहून त्यांनी स्वतः माझा दांडा धरला आणि मॉप उलट्या बाजूने पिळला. सगळं पाणी त्यांच्या बुटांत. मला कोणी विचारलं असतं, तर त्या मुलाखतीचा निकाल मी जागच्या जागी दिला असता.

दोन पंचविसाला ते कागद टंकून घेऊन आले. ताईने तो उभ्या उभ्या वाचला. घाई केली नाही, ओळीवर बोट ठेवून वाचला.

"ही ओळ काय? 'प्रशिक्षणाचे पहिले तीन महिने विनावेतन'?"

"ती सगळ्यांनाच असते."

"सगळ्या कुठायत? खोडा ती. आणि खोडल्यावर तिथे सही करा."

साहेबांनी खोडली. सही केली.

"आणि या मावशींचा कागद?"

"एकच जागा आहे," साहेब म्हणाले. ते मात्र खरं होतं.

ताईचा कागदाचा हात पुढेही जाईना, मागेही येईना. रंगवालीनेच तो कागद घेतला, नीट घडी घातली आणि ताईच्या पिशवीत सरकवला.

"ठेव गं. तुझ्याकडे तारीख आहे. माझ्याकडे नुसता रंग आहे. चल, मॉप घे, मी फडकं घेते. तुझा पहिला दिवस बिघडायला नको."

दोघींनी मिळून जिना धुतला, मग हॉल. पावणेतीनला दोन्ही आरशासारखे झाले. मोठ्या बाई आल्या, बघितलं न बघितल्यासारखं करून वर गेल्या. रंगवाली मागच्या दाराने निघून गेली. जाताना साहेब तिला म्हणाले, "कळवतो हं." सवय.

टेम्पो आला नाही. मुलीची शाळा सुटली नाही. ताईने पुढची सहा वर्षं मला वापरलं. पहिल्या महिन्यातच तिने सगळे कोपरे ब्लेडने खरवडून काढले. टायवाल्या साहेबांना बढती मिळाली. कारण काय, तर अकरा महिने सफाईचा खर्च शून्यावर ठेवला म्हणून. आता ते दुसऱ्या शाखांतल्या व्यवस्थापकांना मुलाखत कशी घ्यावी हे शिकवतात. मी मात्र एक चाक गमावून जिन्याखाली पडून आहे. माझ्या जागी निळी बादली आली. तिचा मला राग नाही. तिने अजून काही पाहिलेलं नाही, एवढंच.

मित्रांनो, तुमच्यातले काहीजण मोठेपणी छापील प्रश्नांचा कागद हातात घेऊन बसतील. बसलात तर समोरच्या माणसाला बसायला धड खुर्ची द्या, त्याच्या कामाबद्दलच विचारा, आणि काम करवून घेतलंत तर त्याला काम म्हणा, चाचणी म्हणू नका. हे जमत नसेल तर निदान एक करा. या जिन्यात त्या रंगवालीच्या तीन सकाळी फुकट गेल्या आहेत, आणि आणखी कितीतरी बायकांची एकेक. त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. वर जाताना पाय पुसून जा.