पाख्ताच्या नखांचा खांब

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या ओरखड्यांना हसू नका, ते माझ्या नोकरीचे आहेत. मी अर्चा या डोंगरी झाडाच्या चिवट लाकडाचा जुना खांब. कोचकोर गावात बुरुलचाबाईंच्या मेंढवाड्याच्या कुंपणात मी अठरा हिवाळे काढले. कुंपण बदलले तेव्हा मी चुलीतच जाणार होतो. पण त्यांची नवी सून नुरजादा हिने मला उचलून घरात नेले.

नुरजादाने माहेराहून पाख्ता नावाची पांढरी मांजरी आणली होती. नवरा मेंढ्या घेऊन डोंगरातल्या कुरणावर गेलेला, सासू कमी बोलणारी. नुरजादाच्या गप्पा चालत त्या पाख्ताशीच. पाख्ता नखे घासायला दार, गादी काही सोडत नसे. म्हणून नुरजादाने मला एका पातळ फळीवर ठोकले आणि लोकर थापून केलेल्या बुरणुसाचे तुकडे गुंडाळले. घरात बुरणुसाचेच काम चाले, तुकड्यांना काय तोटा!

पाख्ता खूश झाली. पण लोकरीचा भुगा घरभर उडू लागला.

"सूनबाई, हा चहा आहे की मेंढी?" सासूबाई वाटीतला केस काढत म्हणाल्या.

मी डुगडुगतही होतो. एके दिवशी पाख्ताच्या अंगावरच कलंडलो. घाबरून ती माझ्याकडे फिरकेना, आणि धाकट्या नणंदेच्या लग्नासाठी सासूसुनेने हिवाळाभर शिवलेल्या बुरणुसाचा कोपरा तिने फाडला.

"उद्या कुरणावर गाडी जातेय," सासूबाई म्हणाल्या. "मांजर त्यात जाईल."

"आई, तिथली कुत्री तिला जिवंत ठेवतील का हो?"

नुरजादाने पाख्ताला न्यायच्या टोपलीत जुनी शाल अंथरली आणि फाटका कोपरा सांधायला बसली. सासूबाई बराच वेळ तिच्या सुईकडे पाहत होत्या. मग उठून त्यांनी मला चाचपले.

"अगं वेडे, खांबालाही बुरणूस आणि लग्नालाही बुरणूस! त्या मुक्या जिवाला काय कळणार, आपलं कुठलं आणि नणंदेचं कुठलं? आपणच शिकवलं की तिला!"

त्यांनी माझे बुरणूस सोलून काढले. बाजारातून घायपाताची दोरी आणली आणि एकेक वेढा गुडघ्याने दाबत, फट न ठेवता गुंडाळली. बुडाशी फुटक्या जात्याची जड तळी बसवली. मला पाख्ताच्या झोपायच्या जागेजवळ उभे केले.

सकाळी दारात गाडीचा भोंगा वाजला. नुरजादाने टोपली उचलली. त्या आवाजाने पाख्ता जागी झाली, आळस देत उठली आणि अंग ताणून तिने माझ्यात पंजे रोवले. मी तसूभरही हललो नाही.

"जा रे बाबा," सासूबाई ड्रायव्हरला ओरडल्या, "आज काही द्यायचं नाही!"

त्याला नऊ वर्षे झाली. माझ्याखालचा कचरा केरसुणीच्या एका फटक्यात निघतो. मध्ये एकदा, पाहुण्यांपुढे ओबडधोबड दिसतो म्हणून मला गोठ्यात टाकले होते. चौथ्या दिवशी पाख्ताने पडद्याचा समाचार घेतला, आणि सासूबाईंनी पाहुण्यांदेखत मला परत आणले.

मित्रांनो, मांजर नखे घासणारच. त्याच्यावर ओरडण्याआधी एक जड, न डुगडुगणारा खांब त्याला द्या, आणि दोरी झिजली की नवी गुंडाळा.

पाख्ता आता म्हातारी झाली आहे. तिचे पंजे फार वर पोहोचत नाहीत. परवा नुरजादाने माझ्या फक्त खालच्या अर्ध्या अंगाला नवी दोरी गुंडाळली.