नात्याचा रकाना

सकाळपासून आईचे सात फोन आले. "ठोक्याचं काम झालं का?" एवढंच विचारायला. ठोक्या माझा मामेभाऊ. लहानपणी बंद पडलेला रेडिओ ठोकून सुरू करायचा, तेव्हापासूनचं नाव. आता दोन पोरांचा बाप झालाय, तरी तेच. त्याचा कारखाना बंद पडल्यापासून तो सहा महिने घरी होता. आमच्या शर्टांच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करणाऱ्याची एक जागा निघाली होती आणि निवडणाऱ्या तिघांत मी होते.

मी इथे लागले तीही मामामुळेच, म्हणजे ठोक्याच्या आप्पांमुळे. त्याने मला जुन्या मालकांपुढे उभं केलं. ते म्हणाले, "कोणाची गं तू?" मामाचं नाव सांगितलं, तेवढं पुरलं. आता मालक बदललेत, मॅनेजरबाई परदेशातून आल्यात, आणि कागदावर एक रकाना आलाय: उमेदवाराशी नातं असल्यास लिहा. रिकामा ठेवला तर बाईंच्या लेखी मी लबाड, भरला तर मामाच्या लेखी कृतघ्न. इकडे आड, तिकडे विहीर. पेन तीनदा उघडलं, तीनदा मिटलं.

शेवटी लिहिलं, मामेभाऊ.

बाई वाचून हसल्या. "बरं केलंत सांगितलंत. मग आज तुम्ही बाहेर थांबा."

बाहेर काचेपलीकडे बाक होतं. पण बसवतंय कुणाला! मी येरझाऱ्या घालत होते. एकेक करून चार जण आत गेले आणि हात पुसत बाहेर आले. मग ठोक्या गेला. माझी खुर्ची रिकामी पाहून त्याचं तोंडच उतरलं. पुढ्यात टाके सोडणारं मशीन होतं. मी मनात म्हटलं, देवा, हा आता ठोकणार.

त्याने ठोकलं नाही. सुई काढली, नखावर फिरवून पाहिली, बदलली. मग चाक हाताने सावकाश फिरवत खाली वाकून बघत राहिला, एक स्क्रू ढिला केला, परत आवळला. फडक्यावर शिवण मारली. एकही टाका सुटला नाही. आधीच्या चौघांना न जमलेलं याने बारा मिनिटांत केलं. मला बाहेर उभ्या उभ्या रडू आलं.

जागा त्यालाच मिळाली. संध्याकाळी गेटपाशी माझी वाट बघत उभा होता. थोरला असून हात जोडायला लागला.

"तू होतीस म्हणून झालं गं. आप्पा फोनवर रडले. म्हणाले, भाचीने पांग फेडले."

गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण मला राहवेना. ती बारा मिनिटं त्याची होती, ती मी कशी घेऊ?

"अरे, मी बाहेर होते. एक शब्द बोलले नाही कुणाशी. तुला तुझ्या हातांनी मिळाली ही नोकरी."

वाटलं, आता याची छाती फुगेल. त्याने जोडलेले हात हळूच खाली घेतले.

"म्हणजे मला जमलं नसतं," तो म्हणाला, "तरी तू बाहेरच थांबली असतीस?"